मालाची एकके, स्टॉक ग्रुप आणि स्टॉक कॅटेगरी: नाशिकच्या व्यापाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक शहरातील दुकानदार, निफाड-दिंडोरीकडील कृषी सेवा केंद्रे, लासलगाव व पिंपळगाव बसवंत येथील कांदा व्यापारी आणि सातपूर-अंबडमधील लहान कारखानदार टॅली प्राईम या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये मालाचा हिशेब सुरू करताना जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. पडद्यावरील नावे टॅली प्राईममधील आहेत. इतर सॉफ्टवेअरमध्ये ती वेगळी असतील, मात्र निर्णय घ्यावे लागतात ते बहुतेक हेच.

एकक ठरवताना सर्वांत आधी काय पाहावे?

३१ मार्चला गोदामात उभे राहून तो माल आपण कसा मोजणार आहोत, हे पाहावे. खरेदीच्या बिलावर काय छापले आहे किंवा गिऱ्हाईक काय म्हणून मागते, हे त्यानंतर येते. शिल्लक साठा पुस्तकाशी ताडून पाहता येणे, हाच मालाच्या हिशेबाचा मुख्य उपयोग आहे, आणि ज्या मापाने माल प्रत्यक्ष मोजता येत नाही त्या मापात तो पुस्तकात ठेवला, तर वर्षअखेरीस निघणारा फरक चोरीचा, घटीचा की निव्वळ गुणाकाराचा हे कोणालाच सांगता येत नाही.

दुसरी कसोटी सर्वांत लहान विक्रीची आहे. खताचे पोते दुकानात कधीच फोडले जात नसेल, तर मुख्य एकक ‘पोते’ ठेवण्यास हरकत नाही. मात्र एखाद्या मालाची सुटी विक्री वर्षातून चार वेळा का होईना होत असेल, तर मुख्य एकक लहानच ठेवावे, म्हणजे ०.३२ पोते अशा नोंदी करण्याची वेळ येत नाही.

नवीन एकक प्रत्यक्षात कसे तयार करावे?

मुख्य पडद्यावरून ‘क्रिएट’मध्ये जाऊन ‘युनिट’ निवडावे. तेथे प्रकार, चिन्ह, पूर्ण नाव, जीएसटीसाठीचा प्रमाणकोड आणि दशांश स्थळांची संख्या अशी माहिती विचारली जाते. चिन्ह बिलावर छापले जाते, म्हणून ते आखूड व एकसारखे असावे. एका ऑपरेटरने ‘किलो’, दुसऱ्याने ‘कि.ग्रॅ.’ आणि तिसऱ्याने ‘केजी’ केले की सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ती तीन वेगळी एकके होतात. म्हणून एककांची यादी आधी कागदावर करावी, दुकानमालकाने ती पाहावी आणि मगच ती भरावी. बहुतेक दुकानांचे काम सात-आठ एककांत भागते.

दशांश स्थळे किती ठेवावीत?

टॅलीमध्ये शून्यापासून चारपर्यंत दशांश स्थळे ठेवता येतात. नग, पोते, पेटी, बाटली यांना शून्य द्यावे, कारण अर्धा पंप विकला जात नाही आणि शून्य दिल्यामुळे ऑपरेटरकडून चुकून १.५ नग अशी नोंद होत नाही. किलो आणि लिटर यांना तीन स्थळे द्यावीत, म्हणजे ग्रॅम आणि मिलिलिटरपर्यंतचा हिशेब राहतो. मीटरला दोन पुरतात.

संयुक्त एकक आणि पर्यायी एकक यांत फरक काय? दोन्हींचे काम एकच दिसते.

दिसते खरे, पण हा फरक लक्षात न घेतल्यामुळे पुढे सर्वाधिक दुरुस्त्या कराव्या लागतात, म्हणून येथे थोडे थांबून वाचावे.

संयुक्त एकक म्हणजे दोन साध्या एककांमधले असे नाते, जे कोणत्याही मालासाठी बदलत नाही. एक क्विंटल म्हणजे १०० किलो, एक डझन म्हणजे १२ नग, एक ग्रोस म्हणजे १४४ नग. हे प्रमाण कांद्याला लागू आहे तसेच गव्हालाही आहे, त्यामुळे ते एककाच्या पातळीवर एकदाच नोंदवणे योग्य ठरते. आधी ‘क्विंटल’ आणि ‘किलो’ ही दोन साधी एकके तयार करावीत आणि मग संयुक्त प्रकार निवडून मोठे एकक, प्रमाण व लहान एकक या क्रमाने भरावे. बाजार समितीत लिलावाचा भाव क्विंटलला पुकारला जातो आणि किरकोळ विक्री किलोने होते, अशा व्यापाऱ्याला याचा चांगला उपयोग होतो, कारण दर कोणत्या मापाला आहे ते नोंदीतच निवडता येते.

पर्यायी एकक मात्र त्या एका मालापुरते असते. कृषी सेवा केंद्राचे उदाहरण घेऊ. डीएपीचे पोते ५० किलोचे येते. युरियाचे पोतेही पूर्वी ५० किलोचे होते, ते २०१८ पासून ४५ किलोचे झाले, आणि गंधकयुक्त युरियाची गोणी ४० किलोची असते. आता कोणी ‘एक पोते म्हणजे ५० किलो’ असे संयुक्त एकक करून ते सर्व खतांना लावले, तर युरियाच्या प्रत्येक पोत्यामागे पुस्तकात ५ किलो खत असे जमा होईल जे गोदामात कधी आलेच नाही. ‘पोते’ हे वजनाचे माप नव्हे, ते भरण्याचे साधन आहे, आणि पेटी, क्रेट, ड्रम, बंडल यांचेही तसेच आहे. म्हणून ज्या शब्दामागचे वजन मालागणिक बदलते, तो शब्द कधीही संयुक्त एककात घेऊ नये. स्टॉक आयटम (म्हणजे यादीतील एकेक माल) तयार करताना एफ १२ ही कळ दाबून उघडणाऱ्या मांडणीत पर्यायी एककाची सोय सुरू करावी आणि त्या त्या मालात ‘१ पोते = ४५ किलो’ असे प्रमाण भरावे.

पुढे कंपनीने पोत्याचे वजन बदलले तर? तेव्हा जुन्याच मालाचे प्रमाण बदलू नये, नव्या वजनाचा वेगळा आयटम करावा. ‘युरिया ४५ किलो’ असे वजन नावातच असले, तर हा प्रश्न निम्मा सुटलेला असतो.

आमचा माल नगावर मोजतो आणि वजनावर विकतो, आणि प्रत्येक नगाचे वजन वेगळे असते. मग काय करावे?

भांडी बाजारातील तांब्या-पितळेच्या व्यापाऱ्यांचा हा नेहमीचा प्रश्न आहे. दोन घागरी एकाच कारागिराच्या हातच्या असल्या तरी त्यांचे वजन तंतोतंत सारखे नसते. येथे मुख्य एकक किलो आणि पर्यायी एकक नग ठेवावे, आणि सरासरी वजन प्रमाण म्हणून भरावे. बिल करताना नग टाकले की सॉफ्टवेअर सरासरीने वजन सुचवते, पण काट्यावरचे खरे वजन त्याच नोंदीत भरता येते आणि साठ्यातून तेवढेच वजा होते. नगांची संख्याही सोबत राहते, त्यामुळे मांडणीवर किती घागरी असायला हव्यात हे कळते.

बांधकामाच्या सळईसाठीही हीच पद्धत वापरावी. सळईचे प्रति मीटर वजन काढण्याचे सूत्र सर्वांना माहीत आहे: मिलिमीटरमधील व्यासाचा वर्ग भागिले १६२. त्यानुसार १२ मिलिमीटरची सळई मीटरला सुमारे ०.८८९ किलो आणि १२ मीटरची पूर्ण सळई सुमारे १०.६७ किलो भरते. परंतु आयएस १७८६ या भारतीय मानकातच या व्यासासाठी ५ टक्क्यांपर्यंत फरक मान्य आहे, म्हणून सूत्राने आलेले वजन केवळ अंदाजासाठी वापरावे आणि खरेदीची नोंद वजनकाट्याच्या पावतीवरूनच करावी. काट्याची पावती हाताशी असताना सूत्रावर नोंद करणारा ऑपरेटर वेळ वाचवत नसतो, तो मार्चअखेरचे काम वाढवून ठेवत असतो.

पेटीत १० डझन आणि डझनात १२ नग, अशा तीन पातळ्या कशा बसवाव्यात?

एका संयुक्त एककात दोनच साधी एकके बसतात. मुख्य एकक ‘नग’ आणि पर्यायी एकक ‘पेटी’ ठेवून ‘१ पेटी = १२० नग’ असे प्रमाण भरावे. मधला डझन सोडून दिल्याने व्यवहारात काही अडत नाही.

अंबडमध्ये आमचे छोटे वर्कशॉप आहे. कच्चा माल किलोवर येतो आणि तयार भाग नगावर जातो. येथे पर्यायी एकक चालेल का?

नाही. लोखंडी गज आणि त्यापासून केलेला बोल्ट ही एकाच मालाची दोन मापे नाहीत, ते दोन वेगळे माल आहेत. गजाचा आयटम किलोमध्ये आणि बोल्टचा नगामध्ये ठेवावा, आणि एकाचे दुसऱ्यात होणारे रूपांतर मॅन्युफॅक्चरिंग जर्नल या उत्पादनाच्या व्हाउचरमधून नोंदवावे. एका बोल्टला किती ग्रॅम गज लागतो हे ‘बिल ऑफ मटेरियल’मध्ये एकदा भरून ठेवले, की उत्पादनाची नोंद करताना कच्चा माल आपोआप सुचवला जातो. कातकामातून (लेथवरच्या कामातून) निघणाऱ्या भंगाराचा किलोमधला स्वतंत्र आयटम करून तोही त्याच नोंदीत घ्यावा. भंगार हिशेबात नसेल तर गजाचा वापर नेहमीच फुगलेला दिसतो आणि त्याचा दोष विनाकारण मशीनवरच्या कामगाराकडे जातो.

स्टॉक ग्रुप आणि स्टॉक कॅटेगरी ही दोन वर्गीकरणे कशासाठी? एक पुरत नाही का?

ग्रुप सांगतो की माल काय आहे, आणि कॅटेगरी सांगते की तो कशासाठी वापरला जातो, म्हणजेच त्याच्या जागी दुसरे काय देता येईल. प्रत्येक आयटम एका ग्रुपमध्ये आणि त्याच वेळी एका कॅटेगरीत असू शकतो, आणि ही दोन्ही वर्गीकरणे एकमेकांवर अवलंबून नसतात.

द्राक्षपट्ट्यातील कृषी सेवा केंद्रात याची उपयुक्तता सर्वांत स्पष्ट दिसते. समजा तेथे कंपनीनुसार ग्रुप केले आहेत, कारण ऑर्डर कंपनीला द्यायची असते आणि योजनाही कंपनीची येते. आता ढगाळ हवेत शेतकरी दुकानात येतो आणि भुरीवरचे अमुक औषध मागतो, पण ते संपलेले असते. काउंटरवरच्या मुलाला चार कंपन्यांचे ग्रुप उघडून शोधावे लागू नये, म्हणून ‘भुरी’, ‘केवडा’, ‘करपा’, ‘फुलकिडे’ अशा कॅटेगरी केलेल्या असाव्यात. ‘भुरी’ उघडली की दुकानातील त्या रोगावरची सर्व औषधे, मग ती कोणत्याही कंपनीची असोत, शिल्लक साठ्यासह एका यादीत दिसतात. गंधक ८० टक्के डब्ल्यूडीजी (पाण्यात मिसळणारे दाणेदार गंधक) यासारखे उत्पादन अनेक कंपन्या विकतात, तेथे तर ही यादी फारच कामाला येते. अर्थात बदली औषध द्यायचे की नाही, हा निर्णय लेबल पाहून जाणकारानेच घ्यावा. यादी फक्त काय शिल्लक आहे ते सांगते.

कांद्याच्या व्यापारात मांडणी वेगळी होते. तेथे ‘लाल’ आणि ‘उन्हाळ’ हे ग्रुप ठेवावेत, कारण त्यांचा हंगाम, टिकाऊपणा आणि भाव वेगळे असतात, आणि ‘गोल्टी’, ‘गोल्टा’, ‘मोठा’ या प्रतवारीच्या कॅटेगरी कराव्यात. मग ‘आज कांदाचाळीत उन्हाळ किती?’ या प्रश्नाचे उत्तर ग्रुप देतो आणि ‘एकूण गोल्टी किती?’ याचे कॅटेगरी देते.

कॅटेगरीची सोय कोठे सापडते?

‘क्रिएट’मध्ये स्टॉक कॅटेगरी निवडल्यावर ती सोय बंद असल्यास सॉफ्टवेअर ती सुरू करायची का असे विचारते. एफ ११ या कळीने उघडणाऱ्या कंपनीच्या सोयींच्या पडद्यावरूनही ती सुरू करता येते. त्यानंतर आयटमच्या पडद्यावर कॅटेगरीचा रकाना दिसू लागतो.

दुकान लहान आहे. कॅटेगरी केलीच पाहिजे का?

मुळीच नाही. शंभर-सव्वाशे आयटम असतील आणि ते सर्व मालकाच्या डोळ्यांसमोर असतील, तर केवळ ग्रुप पुरेत. अर्धवट भरलेली कॅटेगरी ही नसलेल्या कॅटेगरीपेक्षा वाईट असते, कारण यादीत जे दिसत नाही ते दुकानात नाही असा समज होतो. करायची असेल तर प्रत्येक आयटमला लावावी, नाहीतर ती सोय बंदच ठेवावी.

ग्रुप पाडताना जीएसटीचा विचार करावा का?

अवश्य करावा. कराचा दर आणि एचएसएन कोड (करासाठी मालाचा वर्ग सांगणारा क्रमांक) कंपनी, ग्रुप किंवा आयटम अशा वेगवेगळ्या पातळ्यांवर नोंदवता येतो, कॅटेगरीवर नाही. ज्या मालाचा कर एकसारखा आहे, तो एका उपग्रुपमध्ये ठेवून दर ग्रुपवर नोंदवला, तर दर बदलल्यावर दुरुस्ती एकाच जागी करावी लागते. २२ सप्टेंबर २०२५ रोजी ठिबक सिंचनाचे साहित्य, ठरावीक जैविक कीडनाशके आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये यांचा दर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, तर रासायनिक कीडनाशकांचा १८ टक्केच राहिला. ज्यांनी ‘औषधे’ या एकाच ग्रुपमध्ये सर्व बाटल्या भरल्या होत्या आणि दर प्रत्येक आयटमवर लिहिला होता, त्यांना त्या दिवशी कोणत्या आयटमचा दर बदलायचा हे एकेक करून तपासणे भाग होते. नवा दर भरताना तो कोणत्या तारखेपासून लागू आहे हे अचूक भरावे, म्हणजे जुनी बिले बदलत नाहीत.

वरच्या उदाहरणात कंपनीनुसार ग्रुप घेतले होते. त्या दुकानात कंपनीच्या ग्रुपखाली करदरानुसार उपग्रुप करता येतील. मात्र तीनपेक्षा अधिक पातळ्या केल्या की यादी वाचणे अवघड होते, हे ध्यानात ठेवावे.

ग्रुप करताना ‘प्रमाणांची बेरीज करायची का’ असे विचारले जाते. काय उत्तर द्यावे?

त्या ग्रुपमधील सर्व माल एकाच एककात असेल तरच ‘होय’ द्यावे. ५०० मिलिलिटरच्या नॅनो युरियाच्या बाटल्या आणि डीएपीची पोती यांची बेरीज कोणाच्याच उपयोगाची नाही.

जीएसटीचा प्रमाणकोड कशासाठी लागतो, आणि आमच्या ‘पोते’ला तेथे काय द्यावे?

जीएसटी पोर्टलला आपल्या दुकानातील शब्द कळत नाहीत, त्यासाठी ठरावीक कोडची यादी आहे. किलोसाठी केजीएस, नगासाठी एनओएस, क्विंटलसाठी क्यूटीएल, डझनसाठी डीओझेड, पोत्यासाठी बीएजी, पेटीसाठी बीओएक्स असे कोड त्यात आहेत. जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रातील तक्ता १२ मध्ये एचएसएननुसार गोषवारा जातो तेव्हा, तसेच ई-इनव्हॉइस आणि ई-वे बिलामध्येही, हाच कोड वापरला जातो. आपल्या एककाशी जुळणारा कोड यादीत असताना सरसकट ‘इतर’ निवडू नये. एकाच एचएसएनचा काही माल किलोत आणि काही पोत्यात ठेवला, तर गोषवाऱ्यात त्याच्या दोन ओळी होतात. ते चूक नाही, पण ताळा पाहताना गोंधळ उडतो, म्हणून एका एचएसएनखालच्या मालाचे मुख्य एकक शक्यतो एकच असावे.

एचएसएन कोड किती अंकी हवा, हे उलाढालीवर ठरते: मागील आर्थिक वर्षात ५ कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असल्यास ४ अंकी आणि त्यापुढे ६ अंकी.

सराफी दुकानात तोळा हे एकक ठेवता येईल का?

बोलण्यात तोळा खुशाल राहू द्यावा, बिलावर आणि पुस्तकात ग्रॅमच हवा. वैध मापनशास्त्र अधिनियम २००९ नुसार व्यवहार मेट्रिक मापांतच करावा लागतो. शिवाय जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा होता आणि आज बाजारात तोळा म्हणजे १० ग्रॅम धरतात, त्यामुळे सोन्यासारख्या मालात या शब्दावर हिशेब ठेवणे धोक्याचे आहे. ग्रॅमला तीन दशांश स्थळे द्यावीत. दागिन्याच्या प्रकारानुसार ग्रुप आणि शुद्धतेनुसार कॅटेगरी, म्हणजे २२ कॅरेट, १८ कॅरेट, अशी मांडणी सोयीची पडते.

चाळीत ठेवलेल्या कांद्याचे वजन घटते. ती घट पुस्तकात कशी दाखवावी?

एककाचे प्रमाण बदलून घट बसवण्याचा प्रयत्न काही जण करतात, म्हणजे ‘१ गोणी = ५० किलो’चे ‘४७ किलो’ करतात. तसे करू नये, कारण विकलेल्या आणि न विकलेल्या मालाला एकच माप लागून खरी घट दिसेनाशी होते. ठरावीक दिवसांनी चाळीतला माल प्रत्यक्ष तोलून वा अंदाजून ‘फिजिकल स्टॉक’ व्हाउचरने शिल्लक नोंदवावी. सडून फेकलेला माल स्टॉक जर्नल या साठ्याच्या व्हाउचरमधून वेगळा बाहेर काढावा, म्हणजे सुकून झालेली तूट आणि सडून झालेले नुकसान हे दोन आकडे हंगामाच्या शेवटी वेगळे मिळतात, आणि पुढच्या वर्षी माल किती दिवस धरून ठेवायचा हे ठरवताना त्यांचाच आधार होतो.

दहा बाटल्यांवर एक मोफत अशी योजना असते. त्यासाठी वेगळे एकक करावे का?

नको. एफ ११ मध्ये प्रत्यक्ष प्रमाण आणि बिलाचे प्रमाण यांचे वेगळे रकाने सुरू करावेत. प्रत्यक्ष ११ आणि बिलाचे १० असे भरले की साठ्यात ११ बाटल्या जमा होतात आणि रक्कम दहाचीच लागते.

सातशे-आठशे आयटम एकदम भरायचे आहेत. काय क्रम ठेवावा?

आधी साधी एकके, मग संयुक्त एकके, त्यानंतर ग्रुप व उपग्रुप, मग कॅटेगरी, आणि सर्वांत शेवटी आयटम, असा क्रम ठेवावा. टॅली प्राईमच्या ४.० आवृत्तीपासून एक्सेल फाइलमधून यादी थेट आत घेता येते. त्या फाइलमधील एककाचे चिन्ह सॉफ्टवेअरमधील चिन्हाशी अक्षरन् अक्षर जुळले पाहिजे. प्रथम दहा-पंधरा आयटमची लहान फाइल घेऊन पाहावी आणि सर्व यादी घेण्यापूर्वी बॅकअप काढून ठेवावा. नाव देवनागरीत आणि उपनाव रोमन लिपीत दिले, तर कीबोर्ड कोणताही असला तरी आयटम सापडतो.

चुकीचे एकक देऊन सहा महिने नोंदी झाल्या आहेत. आता काय करता येईल?

चूक फक्त चिन्हाच्या लेखनाची असेल, तर ‘अल्टर’मध्ये जाऊन चिन्ह दुरुस्त करावे, ते मागील नोंदींतही बदललेले दिसते. चूक मापाचीच असेल, म्हणजे किलोऐवजी पोते धरले गेले असेल, तर त्याच आयटमची ओढाताण करू नये. योग्य एककाचा नवा आयटम तयार करावा, महिन्याच्या शेवटच्या दिवशी माल प्रत्यक्ष मोजावा आणि स्टॉक जर्नलने जुन्या आयटमची शिल्लक शून्य करून तेवढ्याच किमतीचा माल नव्या आयटममध्ये घ्यावा. दोन्ही बाजूंची किंमत एकच राहील याकडे लक्ष द्यावे, नाहीतर नफ्यात कारणाशिवाय फरक पडतो. जुन्या आयटमच्या नावापुढे ‘बंद’ असे लिहून ठेवावे. त्याच्या नोंदी असल्यामुळे तो काढून टाकता येत नाही, आणि जे एकक एखाद्याही आयटमला लावलेले आहे तेही ऑल्ट आणि डी दाबून निघत नाही. असा बदल आर्थिक वर्षाच्या मध्यावर करायचा झाल्यास आपल्या कर सल्लागारास आधी कळवावे, कारण एचएसएनच्या गोषवाऱ्यात त्या महिन्यापासून प्रमाणकोड बदललेला दिसेल.